विद्यापीठाचं बजेट तुटीचं, मग मार्चनंतर पैसे शिल्लक कसे राहतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नोंदणीकृत पदवीधर गटातून पहिल्यांदाच सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेवर, निवडून आलेत, त्यांच्या हातात बजेटचं जाडजूड पुस्तक पडलंय आणि ते म्हणतात की आमच्या विद्यापीठाचं बजेट दरवर्षी तुटीचं सादर होतं, पण वर्ष संपल्यावर हिशेब बघितला तर पैसे उरलेले दिसतात, ठेवी शेकडो कोटींच्या आहेत असं पेपरात येतं, आणि मुलींच्या वसतिगृहाचं काम मात्र चार वर्षं 'निधीअभावी' अडकलंय. मग हे बजेट बनवतं कोण, कसं, आणि यात खोटं कोण बोलतंय?

मी राज्यातल्याच एका विद्यापीठाच्या वित्त विभागात अठ्ठावीस वर्षं काम केलं, कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि उपकुलसचिव म्हणून रिटायर झालो, त्यातली वीसेक वर्षं बजेट शाखेतच गेली. त्यामुळे सविस्तर लिहितो, लांब झालं तर समजून घ्या.

आधी एक सांगतो, तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. तूट म्हणजे काय, ठेवी कोणाच्या आणि काम का होत नाही. तिघांची उत्तरं वेगळी आहेत. आणि हे विद्यापीठानुसार खूप बदलतं. मुंबई १८५७ चं, नागपूर १९२३ चं, पुणे १९४९ चं, यांच्याकडे जुना साठा आहे, सोलापूर २००४ चं, गोंडवाना २०११ चं, त्यांना तो जमायला वेळच मिळालेला नाही. कॉलेजं किती संलग्न आहेत, त्यातली किती स्वायत्त झाली, विद्यापीठाचे स्वतःचे विभाग किती मोठे, यावर सगळं गणित फिरतं. म्हणून मी जे सांगतोय त्याची चौकट महाराष्ट्रातल्या बहुतेक अकृषी सार्वजनिक विद्यापीठांना लागू आहे, २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याची, आकडे मात्र तुमचे तुम्हालाच घालावे लागतील.

पहिली गोष्ट जी मी प्रत्येक नव्या सदस्याला सांगायचो ती ही की विद्यापीठाकडे एक पाकीट नसतं, बरीच पाकिटं असतात आणि एका पाकिटातला पैसा दुसऱ्यात टाकायला बहुतेक वेळा मनाई असते. पुस्तक उघडलं की साधारण तीन भाग दिसतील. पहिला परिरक्षण, म्हणजे रोजचा संसार: पगार, परीक्षा, वीजबिल, सुरक्षा, सफाई, ग्रंथालय. दुसरा विकास, म्हणजे इमारती, उपकरणं, रस्ते. तिसरा योजना किंवा प्रकल्प, म्हणजे बाहेरून विशिष्ट कामासाठी आलेले पैसे, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग), डीएसटीचे (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), रुसाचे (केंद्राची उच्च शिक्षणाची योजना), आता २०२३ पासून तिच्याच जागी आलेल्या पीएम-उषाचे. नावं थोडी इकडची तिकडे असतील. तिसऱ्या भागातला पैसा विद्यापीठाच्या खात्यात दिसतो पण तो विद्यापीठाचा नसतोच, सांभाळायला दिलेला असतो. प्रयोगशाळेसाठी आलेल्या रकमेतून वसतिगृहाची एक वीटही बसवता येत नाही, कायद्यातच लिहिलंय की विशिष्ट कामासाठी आलेला निधी शासनाच्या परवानगीशिवाय वळवायचा नाही. त्यावर मिळालेलं व्याजसुद्धा केंद्राच्या योजनांमध्ये परत करावं लागतं.

म्हणजे सगळ्यात मागे 'एकूण अर्थसंकल्प इतके कोटी' असा जो आकडा पेपरात येतो त्याला फारसा अर्थ नाही, कारण त्यात तिन्ही भागांची बेरीज झालेली असते. खरी तब्येत पहिल्या भागातच कळते.

आता पहिल्या भागात उत्पन्न येतं कुठून. शासन मंजूर पदांच्या पगाराचं अनुदान देतं, ते उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत येतं आणि पगाराची बिलं एचटीई सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून निघतात. तो पैसा आला तसा गेला, त्यात विद्यापीठाला करण्यासारखं काही नसतं. विद्यापीठाचं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे परीक्षा फी, संलग्नीकरण शुल्क, पात्रता आणि नोंदणी शुल्क, पदवी प्रमाणपत्राची फी, विभागांमधल्या विनाअनुदानित कोर्सची फी, आणि ठेवींवरचं व्याज. यात परीक्षा फी बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठी. लोकांना वाटतं विद्यापीठ शिकवण्यावर चालतं. आपल्याकडची संलग्न कॉलेजांची विद्यापीठं परीक्षेवर चालतात, हे कडू आहे पण आहे तसं सांगतो.

आणि परीक्षा फीचा अंदाज बांधणं हे बजेटमधलं सगळ्यात अवघड काम. वरवर सोपं वाटतं, विद्यार्थी गुणिले फी. मी सुरुवातीला तसंच करायचो, मागच्या वर्षाच्या आकड्यात पाच टक्के वाढवून टाकायचो, आणि एका वर्षी जोरात आपटलो. झालं असं की त्याआधीच्या वर्षी इंजिनिअरिंगची नवी बॅच आमच्याकडे आलीच नव्हती, कॉलेजं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली होती. जुन्या बॅचेस आमच्याकडेच परीक्षा देत होत्या म्हणून पहिल्या वर्षी घट छोटी दिसली, दुसऱ्या वर्षी दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो सगळा ओघ आटला. तेव्हापासून मी बॅचप्रमाणे तक्ता करायला लागलो, कोणत्या कोर्सला पहिल्या वर्षाला किती मुलं, त्यातली दुसऱ्याला किती जातील, तिसऱ्याला किती. असाच झटका राज्यातल्या जुन्या विद्यापीठांना १९९८ ला नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं तेव्हा बसला होता, मेडिकल, डेंटल, आयुर्वेद सगळं तिकडे गेलं. शिवाजी विद्यापीठातून सोलापूर जिल्हा वेगळा झाला, नागपूरमधून चंद्रपूर-गडचिरोली वेगळे झाले. नवं विद्यापीठ होणं त्या भागातल्या पोरांसाठी चांगलंच, त्यांची शंभर-दीडशे किलोमीटरची एसटी वाचली. पण जुन्या विद्यापीठाचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही, इमारत तेवढीच, माणसं तेवढीच, परीक्षा भवन तेवढंच.

आता तीच गोष्ट स्वायत्त कॉलेजांनी होतेय. कॉलेज स्वायत्त झालं की परीक्षा तेच घेतं, विद्यापीठाकडे पदवी प्रमाणपत्र आणि किरकोळ शुल्क उरतं. आणि स्वायत्त होतात ती मोठी, नावाजलेली, भरपूर विद्यार्थी असलेली कॉलेजं. मागे राहतात ती ऐंशी-नव्वद मुलांची, तालुक्याच्या गावची कॉलेजं, जिथे प्रश्नपत्रिका काढायचा, पोचवायचा, भरारी पथकाचा खर्च तेवढाच येतो. एखाद्या विषयाला आख्ख्या विद्यापीठात चार विद्यार्थी असले तरी प्रश्नपत्रिकेचे संच काढावेच लागतात. नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांचे पर्याय वाढले, म्हणजे पेपर वाढले आणि पेपरमागे मुलं कमी झाली. धोरणाबद्दल मी इथे बोलत नाहीये, खर्चाबद्दल बोलतोय.

आणखी एक, जे कोणी उघड बोलत नाही. परीक्षा फीमध्ये एटीकेटी आणि रिपीटर मुलांचा हिस्सा चांगलाच मोठा असतो. कोरोनाच्या काळात ऑनलाइन एमसीक्यू परीक्षा झाल्या, निकाल एकदम वर गेले, आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे रिपीटरची फॉर्मसंख्या इतकी घसरली की अंदाज पार कोलमडला. मुलं पास झाली याचं दुःख कोणाला असणार, पण ज्या संस्थेचं घर मुलं नापास होण्यावर थोडंसं का होईना टेकलेलं आहे ती रचना चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि सिनेटमध्ये कधी ना कधी कोणीतरी हे विचारायला हवं.

संलग्नीकरण शुल्काबद्दल एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं की विद्यापीठ कॉलेजला संलग्नता देतं ती सेवा शैक्षणिक सवलतीत बसत नाही, तेव्हाच्या स्पष्टीकरणानुसार अठरा टक्के कर लागतो. तो कॉलेजकडून वसूल करायचा की कसं, मागच्या वर्षांचं काय, याची तरतूद तुमच्या बजेटमध्ये कुठल्या लेखाशीर्षाखाली (जमा-खर्चाच्या कुठल्या शीर्षकाखाली) आहे ते नक्की बघा. त्याच बैठकीत संशोधन अनुदानावरचा कर मात्र माफ झाला.

आता खर्चाकडे. पगार शासन देतं म्हटलं, पण मंजूर आणि भरलेल्या पदांचा. विभागात आठ मंजूर पदं आहेत, तीन भरलेली आहेत, उरलेल्या पाचांचं शिकवणं कोणीतरी करणारच ना? तर ते कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरचे शिक्षक करतात आणि त्यांचं मानधन विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून जातं. कार्यालयातही तेच, लिपिक-शिपाई रिटायर होतात, पद भरायला शासनाची मान्यता लागते, ती येत नाही, मग बाह्यस्रोताने, म्हणजे बाहेरच्या एजन्सीकडून, माणसं घ्यायची. म्हणजे पद रिकामं राहिलं की शासनाचा पगार वाचतो आणि विद्यापीठाचा खर्च वाढतो. बजेट वाचताना पगाराचं लेखाशीर्ष बघून 'अरे पगारखर्च कमी झाला' असं समजू नका, शेजारी 'मानधन', 'कंत्राटी मनुष्यबळ', 'बाह्यस्रोत सेवा', 'सुरक्षा', 'स्वच्छता' ही लेखाशीर्षं एकत्र करून पाच वर्षांची बेरीज मांडा. ही एक बेरीज मी कुलगुरूंसमोर ठेवली होती तेव्हा बैठकीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

बजेट बनतं कसं ते आता पटकन सांगतो, कारण प्रक्रिया कागदावर सरळ आहे. ऑक्टोबरच्या सुमारास वित्त विभाग सगळ्या विभागांना परिपत्रक काढतो, पुढच्या वर्षाच्या मागण्या आणि चालू वर्षाचा सुधारित अंदाज मागतो. डिसेंबरपर्यंत ते गोळा होतात, चर्चा होतात, वित्त व लेखा अधिकारी मसुदा करतात, तो वित्त व लेखा समितीपुढे जातो, कुलगुरू तिचे अध्यक्ष असतात, तिथून व्यवस्थापन परिषद आणि मग मार्चमध्ये अधिसभा, म्हणजे तुमची सिनेट. १ एप्रिलला नवं वर्ष सुरू.

कागदावर सरळ, पण खरा खेळ डिसेंबरमध्ये होतो. विभागप्रमुखांना पक्कं ठाऊक असतं की आपण दहा मागितले तर सहा मिळतील, म्हणून ते सोळा मागतात. आणि वित्त विभागालाही ठाऊक असतं की ते सोळा मागणार आहेत. माझ्या पहिल्या साहेबांनी सगळ्यांना सरसकट तीस टक्के कात्री लावायची पद्धत ठेवली होती, त्याचा परिणाम असा झाला की जो विभाग प्रामाणिकपणे नेमकं मागायचा तो उपाशी राहिला आणि फुगवून मागणारे नीट जेवले. एका विभागाच्या मॅडम दरवर्षी पैशापैशाचा हिशेब करून मागणी पाठवायच्या, तिसऱ्या वर्षी त्यांनीही फुगवून पाठवली. मला ते फार लागलं. नंतर माझ्या हातात आलं तेव्हा मी सरसकट कपात बंद केली आणि प्रत्येक विभागाचं मागच्या तीन वर्षांचं मागणी, तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च असं एका ओळीत लिहून त्यांच्याच समोर ठेवायला लागलो. वाद कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत, पण माणूस स्वतःचाच आकडा समोर बघितला की खाली येतो.

उपकरणांच्या मागणीत आणखी एक खाचखळगा असतो, यंत्राची किंमत लिहितात पण त्याला लागणारा एसी, यूपीएस, वायरिंग, पुढची देखभाल, चालवणारा माणूस हे कोणी लिहीत नाही. महागडं यंत्र प्लास्टिकच्या आवरणात दीड वर्ष पडून राहिलेलं मी बघितलंय, कारण थ्री-फेजचं कनेक्शन दुसऱ्या लेखाशीर्षात होतं आणि तिथे तरतूद नव्हती.

आता तुमच्या मुख्य प्रश्नावर येतो, तूट. समजा बजेटमध्ये उत्पन्न २४० कोटी आणि खर्च ३०० कोटी दाखवलाय, तूट ६० कोटी. वर्ष संपलं, उत्पन्न आलं २५०, खर्च झाला २३०. म्हणजे २० कोटी उरले. यात कोणी खोटं बोललं का? नाही. बजेटमधला खर्चाचा आकडा म्हणजे 'इतका खर्च होईल' असं भाकीत नसतं, 'इतक्यापर्यंत खर्च करायला परवानगी आहे' अशी ती मर्यादा असते. तरतूद नसेल तर एक रुपयाही खर्च करता येत नाही, आणि वर्षाच्या मध्ये नवी तरतूद किंवा पुनर्विनियोजन (एका लेखाशीर्षातली तरतूद दुसऱ्यात नेणं) करायचं तर पुन्हा समितीच्या पायऱ्या. त्यामुळे प्रत्येकजण, कदाचित लागेल, असं सगळं आधीच घालून ठेवतो. इमारतीचं काम दोन वर्षं चालणार असलं तरी पहिल्याच वर्षी पूर्ण रक्कम टाकतात. खर्च फुगतो, उत्पन्न सावधपणे कमी धरलेलं असतं, आणि मधे तूट तयार होते. ती 'मागील शिलकेतून किंवा ठेवींतून भागवू' असं लिहिलेलं असतं आणि भागवायची वेळच येत नाही.

ही झाली कागदी तूट. पण गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी खरी तूटही सुरू झालीय, आणि घातक गोष्ट ही की पुस्तकात दोन्ही सारख्याच दिसतात. वर्षानुवर्षं कागदी तूट बघायची सवय लागलेल्या सिनेटला खरी तूट आली तरी ओळखू येत नाही. म्हणून माझी पद्धत सांगतो. विकास आणि योजना हे दोन भाग बाजूला ठेवा. फक्त परिरक्षण घ्या, त्यातून शासनाचं वेतन अनुदान आणि त्यातून होणारा पगार दोन्ही बाजूंनी वजा करा. उरलं ते विद्यापीठाचं स्वतःचं नियमित उत्पन्न आणि स्वतःचा नियमित खर्च. आता अर्थसंकल्पीय अंदाज नको, सुधारित अंदाजही नको, फक्त 'प्रत्यक्ष' हा रकाना, मागच्या चार-पाच वर्षांचा. उत्पन्नातून ठेवींचं व्याजही एकदा काढून बघा. जर व्याजाशिवाय घर चालत नसेल तर लक्ष द्यायची वेळ आलीय, आणि व्याजासकटही चालत नसेल तर विद्यापीठ ठेवी मोडून वीजबिल भरतंय असा त्याचा अर्थ आहे.

म्हणजे इतक्यात काय काय झालं बघा: एकूण आकडा सोडा, परिरक्षण धरा, प्रत्यक्षचा रकाना वाचा, रिकाम्या पदांचा बोजा वेगळा काढा. आता ठेवी.

पेपरात 'विद्यापीठाकडे अमुकशे कोटींच्या ठेवी पडून' अशी बातमी आली की फोन सुरू व्हायचे. पडून वगैरे काही नसतं. त्या ठेवींमध्ये कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी असतो, तो त्यांचा. विद्यार्थ्यांची ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची अनामत असते, ती परत द्यायची. ठेकेदारांची बयाणा आणि सुरक्षा ठेव असते. प्रकल्पांचा न खर्चलेला पैसा असतो. घसारा निधी असतो (झिजलेल्या वस्तू बदलायला बाजूला काढलेला), स्वनिधीतल्या कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरणासाठी बाजूला काढलेले असतात, किंवा असायला हवेत. आणि दात्यांनी दिलेल्या देणग्या असतात, ज्यांच्या फक्त व्याजाला हात लावता येतो.

या देणग्यांचं एक सांगतो, माझ्या जवळचा विषय आहे. कोणीतरी आपल्या आईच्या नावाने १९९० च्या सुमाराला पंचवीस हजार दिलेले, संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला सुवर्णपदक द्या म्हणून. तेव्हा बँक दहा टक्के व्याज द्यायची, म्हणजे वर्षाला अडीच हजार, आणि दहा ग्रॅम सोनं साधारण तीन-साडेतीन हजारात मिळायचं, तेव्हा छोटं पण खऱ्या सोन्याचं पदक बसायचं. आज सहा-सात टक्क्यांनी दीड ते पावणेदोन हजार रुपये व्याज येतं आणि त्यात सोन्याचा मुलामा दिलेलं पदक कसंबसं बसतं. अशी अनेक खाती असतात. मी रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं दात्यांच्या घरच्यांना पत्रं पाठवून विचारलं, मूळ रकमेत भर घालता का, की पदकाऐवजी रोख बक्षीस चालेल. बऱ्याच पत्रांना उत्तर आलं नाही, पण काहींनी लगेच भर घातली, एका आजोबांनी स्वतः येऊन चेक दिला. बजेटमध्ये ही खाती शेवटच्या परिशिष्टात दोन ओळींत जातात, पण ती विद्यापीठावर टाकलेल्या विश्वासाची खाती आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका.

तर हे सगळं वजा जाता खरोखर मोकळा, विद्यापीठाला स्वतःच्या मर्जीने वापरता येईल असा पैसा किती, हा खरा प्रश्न. तो एकूण ठेवींपेक्षा बराच कमी निघतो. पण शून्य नसतो, आणि प्रशासन कधीकधी 'सगळं बांधील आहे' म्हणून हात वर करतं तेही तितकंच अपुरं उत्तर आहे.

रोख प्रवाह हा आणखी एक भाग, जो बजेटच्या पुस्तकात दिसतच नाही. पगार, वीज, सुरक्षेची बिलं दर महिन्याला, पण परीक्षा फी येते लाटांनी, फॉर्म भरायच्या दिवसांत. शिष्यवृत्तीची फी महाडीबीटीवरून, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून, कधी येईल सांगता येत नाही. २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं, निर्णय फार चांगला आहे, मुली शिकतायत, पण तो पैसा विद्यापीठाच्या हातात उशिराने पडतो. म्हणून एफडी एकाच तारखेला मॅच्युअर होईल अशी ठेवायची नाही, महिन्यामहिन्याने मुदत संपत जाईल अशा टप्प्यांनी ठेवायच्या. आमच्याकडे हे आधी होत नव्हतं, एकदा पगारासाठी मोठी ठेव मुदतीआधी मोडावी लागली आणि व्याज बुडालं. त्यानंतर दर महिन्याच्या पाच तारखेला पुढच्या तीन महिन्यांचा रोख तक्ता करायचा असा नियम मी लावून घेतला.

आणि मार्च एंड. 'पैसे परत जातात' म्हणतात ते फक्त शासनाच्या अनुदानाला आणि योजनांना लागू आहे. विद्यापीठाच्या स्वनिधीचा पैसा कुठेही जात नाही, व्यपगत होते, म्हणजे संपते, ती तरतूद, म्हणजे परवानगी. एप्रिलमध्ये नव्या बजेटात ती परत घेता येते. हा फरक विभागांना कळत नाही म्हणून २० मार्चनंतर खरेदीची घाई होते, आणि घाईतली खरेदी कधीच चांगली नसते. त्यात तसलमात. कार्यक्रमासाठी, परीक्षा केंद्रासाठी अग्रिम उचललेले असतात, बिलं जोडून समायोजन करायचं राहून जातं, लेखापरीक्षक पहिला आक्षेप त्यावरच काढतात. जुन्या प्रलंबित तसलमातीची यादी मागा, विद्यापीठाची शिस्त किती आहे ते त्या एका यादीवरून कळतं.

शेवटी वसतिगृह. चार वर्षं 'निधीअभावी' म्हणतायत, तर मला वाटतं पैशाआधी कागद बघायला हवा. बांधकामाला आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा. मी अशी कामं बघितलीत ज्यांना बजेटमध्ये दरवर्षी पाच कोटींची तरतूद होती, सगळे खूश होते, आणि नकाशाच मंजूर नव्हता. दरवर्षी तरतूद व्हायची, दरवर्षी व्यपगत व्हायची, दरम्यान दरसूची, म्हणजे बांधकामाचे सरकारी दर, बदलायची आणि अंदाजपत्रक पुन्हा करायला लागायचं. म्हणून तुमच्या विद्यापीठात मागच्या चार बजेटांत वसतिगृहाला किती तरतूद होती आणि प्रत्यक्ष किती खर्च झाला हे आधी बघा. तरतूद होती आणि खर्च शून्याजवळ, तर अडचण निधीची नाही, फाईल अभियांत्रिकी विभाग ते मंत्रालय या वाटेवर कुठे थांबलीय ते शोधा. तरतूदच नाममात्र होती, हजार-दहा हजार रुपयांची, तर ते लेखाशीर्ष जिवंत ठेवण्यापुरतं आहे, तिथे मात्र निधीचा प्रश्न खरा आहे.

सिनेटमध्ये तुमच्या हातात कपात सूचना आहे, म्हणजे एखादी तरतूद कमी करा असा प्रस्ताव. बहुतेक सदस्य ती भाषणाला जागा मिळावी म्हणून देतात, वीस-पंचवीस कपात सूचना येतात, वेळ संपतो आणि बजेट संध्याकाळी घाईत मंजूर होतं. मी आतल्या बाजूने इतकी वर्षं बघितलंय, आम्हाला घाम फोडणारे सदस्य मोठ्याने बोलणारे नव्हते, ते महिनाभर आधी दोनच प्रश्न लेखी देणारे होते. एक सदस्या होत्या, कॉलेजात कॉमर्स शिकवायच्या, त्यांनी एका वर्षी फक्त इतकंच विचारलं की मागच्या तीन वर्षांत ज्या लेखाशीर्षांवर तरतुदीच्या वीस टक्केही खर्च झाला नाही त्यांची यादी द्या. ती यादी करताना आमच्या आख्ख्या शाखेचे चार दिवस गेले आणि पुढच्या वर्षीचं बजेट आपोआप तिच्यामुळे नीट झालं.

तुम्ही तसंच करा. बैठकीच्या आधी कुलसचिवांकडे लेखी मागा, परिरक्षणाचे प्रत्यक्ष आकडे पाच वर्षांचे, ठेवींचं विवरण 'बांधील' आणि 'मोकळ्या' अशा दोन रकान्यांत, आणि वसतिगृहाच्या फाईलचा तारखांसकट प्रवास. लेखापरीक्षण अहवाल आणि त्याचं अनुपालन सिनेटपुढे येतंच, ते जुनं असेल तरी सोडू नका. हे तीन कागद मिळाले की नावगाव झाकून इथे टाका, मी आकड्यांवर बसतो तुमच्याबरोबर, मार्चला अजून वेळ आहे.